घसरगाडीवरचा माल

हेड ऑफिसातल्या साहेबांनो, आरोप तुमच्यावर आहे, आणि तो तोंडावर केलेला बरा. जिथे खोबरेल तेल वर्षातले आठ महिने थिजत नाही, अशा गावातल्या माणसाकडून तुम्ही बर्फावर माल ओढायची गाडी मागितलीत. त्याने ती करून दिली, तर वर विचारलंत की चाचणी बर्फावरच झाली ना? चूक तुमची आहे. गाडीची नाही, बदरुद्दीनची नाही, अलीमियाँची तर मुळीच नाही. खैरुद्दीनची थोडी आहे, पण तो आमच्यातलाच आहे. त्याचं आम्ही बघून घेऊ.

गोष्ट साठ सालानंतरच्या अबुधाबीची. वाळू, समुद्र, खजुराच्या झावळ्यांची घरं, आणि या सगळ्यात मधोमध तेल शोधणाऱ्या कंपनीचं यार्ड, अशी एकंदर मांडणी होती. यार्डाच्या ड्रॉइंग ऑफिसात बाणकोटचा बदरुद्दीन ट्रेसर होता. ट्रेसर म्हणजे साहेबाने काढलेल्या रेघेवर पातळ कागद ठेवून तीच रेघ पुन्हा ओढणारा माणूस. साहेबाची रेघ वाकडी असली तर ट्रेसरने ती इमानाने वाकडीच ओढायची असते. बदरुद्दीन ती गुपचूप सरळ करायचा. याबद्दल त्याला कुणी शाबासकी दिली नाही, कारण साहेबाला वाटायचं की रेघ मुळातच सरळ होती.

घरी बायको शहनाझ, चार महिन्यांची हाफिजा आणि आई हव्वाबी. हव्वाबी आली होती सुनेच्या बाळंतपणाला, तीन महिन्यांच्या पर्मिटवर. बाळंतपण झालं, पर्मिट संपलं, हव्वाबी राहिली. बाणकोटचं घर कुलूप लावून आलेली, नवरा गलबताबरोबर केव्हाच गेलेला, मुली आपापल्या घरी. पोरगी तिच्या मांडीवर घातली की झोपायची आणि शहनाझच्या मांडीवर घातली की जागी व्हायची, एवढ्या एका गोष्टीवर त्या झोपडीची शांतता उभी होती. हव्वाबी स्वतः मात्र रोज सकाळी म्हणायची, "मला बोटीत बसवून दे बाबा. या वाळवंटात माझा जीव लागत नाय." बदरुद्दीन बोटीची तारीख काढून आला की तिचे गुडघे धरायचे. बोट सुटली की गुडघेही सुटायचे.

पर्मिट ऑफिसात बदरुद्दीन खेटे घालून आला होता. तिथे त्याला सांगितलं की आई ठेवायची असेल तर कंपनीची हमी लागते, हमी हवी तर फॅमिली क्वार्टर लागतं, आणि क्वार्टर हवं तर टेक्निकल ग्रेड. ट्रेसर टेक्निकलमध्ये मोडत नाही. तो कशात मोडतो, हे त्या ऑफिसला ठाऊक नव्हतं. मुंबईची पुढची बोट लागली की हव्वाबीने तीत असावं, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अशा वेळी यार्डाच्या क्रॅडॉक साहेबाने बदरुद्दीनला बोलावलं. हेड ऑफिसने म्हणे आता कुठल्याशा बर्फाच्या मुलुखात तेल शोधायला काढलं होतं. तिथे सामान ओढायला हलकी गाडी हवी होती, चाकं नसलेली, घसरत जाणारी. जगभरातल्या सगळ्या यार्डांकडून नमुने मागवले होते. अटी तीन. एका माणसाला उचलता यावी. चार मण माल ओढता यावा. आणि शंभर फूट बर्फावर चाचणी घेतलेली असावी. साहेबाने कपाळाचा घाम पुसला आणि सांगितलं की नमुना पसंत पडला तर टेक्निकल ग्रेड पक्की. मग तो जेवायला गेला. साहेब लोक महत्त्वाचं बोलून झालं की जेवायला जातात, म्हणजे कुणाला प्रश्न विचारता येत नाहीत.

बदरुद्दीनने बर्फ पाहिला होता. सरबतात. त्यावरून गाडी नेण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नव्हता. तरी 'मला येत नाही' हे वाक्य कोकणातून आखातात येताना बोटीतच सोडून द्यायचं असतं. पहिल्या दिवशी ज्याला गवंडीकाम येतं का विचारलं त्याने हो म्हटलं, आणि आज तो हेड गवंडी आहे. बदरुद्दीनही हो म्हणाला.

ही बातमी संध्याकाळपर्यंत झावळ्यांच्या वस्तीत पसरली आणि सल्ल्यांना पूर आला. एकाचं म्हणणं, खाली साबण लावा. एकाने सांगितलं, त्या मुलुखात गाडीला कुत्रे जुंपतात. यावर एका म्हाताऱ्याने विचारलं की असल्या गाडीतून आलेलं धान्य खायला चालेल का. त्यावर जी चर्चा झाली ती दिवस मावळून मगरीबची अजान होईपर्यंत चालली. गाडीचा विषय तीत पुन्हा निघाला नाही.

शेवटी बदरुद्दीन अलीमियाँकडे गेला. अलीमियाँ जैतापूरचा, पिढीजात होड्या बांधणारा. बतीनच्या किनाऱ्यावर अरबांची गलबतं जुळवायचं काम करायचा आणि अरबांना त्यांचीच गलबतं कशी चुकीची आहेत ते सांगायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बर्फ म्हणजे काय? पाणीच ना?"

बदरुद्दीन म्हणाला, पाणीच, पण घट्ट.

"मग झालं तर. पाणी ओळखीचं आहे. घट्ट झालं म्हणून काय परकं झालं?"

एवढं बोलून त्याने होडी बांधायला घेतली. हलकी घसरगाडी म्हणून अलीमियाँने जी वस्तू जुळवली तिला कणा होता, फासळ्या होत्या, पुढे गलबतासारखी उंच नाळ होती, सांध्यांत कापूस ठोकलेला होता आणि अंगाला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोपडलेलं होतं. मुशीचं तेल ज्याने हुंगलं नाही त्याला सांगून उपयोग नाही आणि ज्याने हुंगलं आहे त्याला सांगायची गरज नाही. गाडी देखणी होती. उचलायला सहा माणसं लागली. सातवा नुसता श्वास घ्यायला बाजूला झाला.

बदरुद्दीनने फार अदबीने वजनाचा मुद्दा काढला. अलीमियाँने करवत खाली ठेवली. त्याच्या आज्याने बांधलेलं गलबत बसऱ्यापर्यंत खजूर आणायला जात होतं, त्याच्या वजनाबद्दल आजवर एकाही समुद्राने तक्रार केली नव्हती. कणा नसेल तर गाडी सरळ कशी जाणार, आणि फासळ्या नसतील तर कणा कुणाच्या जिवावर उभा राहणार? वादात असं होतं. समोरचा चुकीचा असतो, पण त्याचा आजा मध्ये आला की आपण संपलो.

तोडगा काढला शहनाझने, म्हणजे तिला काढायचा नव्हता. ती झोपडीच्या कुडाला टेकून पोरीला पाजत होती, कुडातली एक झावळी निसटून तिच्या पाठीवर पडली, आणि ती वैतागून म्हणाली की हे घर आहे का काडेपेटी, फुंकर मारली तर उडेल. बदरुद्दीनने ती झावळी उचलली. पानं सोललेला खजुराचा दांडा होता. वजन म्हणावं तर नाहीच, आणि गुडघ्यावर वाकवला तरी मोडत नव्हता. खालच्या किनाऱ्यावरचे कोळी याच दांड्यांच्या होड्या बांधून मासळीला जातात, हे त्याने पाहिलं होतं. त्याने दुसरा दांडा उपसला. मग तिसरा. अलीमियाँची समजूत अशी घालण्यात आली की कणा राहील, फासळ्या राहतील, फक्त लाकडाऐवजी झावळीच्या. खाली तुपाच्या डब्यांचे पत्रे ठोकायचं ठरलं. मुशीच्या तेलावर आणि सांध्यांतल्या कापसावर तडजोड करायला तो तयार नव्हता. दोन्ही राहिलं.

घराची पश्चिमेची भिंत गेली तेव्हा शहनाझने आवाज चढवला. तिचं म्हणणं एवढंच होतं, की सासूला घरात ठेवण्यासाठी घरच काढून नेत असाल तर सासूबाईंना ठेवायचं कुठे? प्रश्न बिनतोड होता. हव्वाबी म्हणाली, "राहू दे गो, वारा येतो." त्या जुलैमध्ये अबुधाबीत जो वारा येत होता त्याला वारा म्हणायचं धाडस हव्वाबीच करू जाणे. भट्टीचं तोंड उघडल्यासारखा तो यायचा.

गाडी तयार झाली. एका हाताने उचलली जायची. पहिली चाचणी बदरुद्दीनने मुसफ्फाच्या खाऱ्या पठारावर घेतली. तिथे नुसतं मीठ होतं, नजर पोचेल तिथवर पांढरंशुभ्र, आणि भर दुपारी त्याकडे बघितलं तर माणसाला हुडहुडी भरावी असं दिसायचं. गाडी त्या मिठावरून अशी गेली की अलीमियाँच्या तोंडून सुभानल्ला निघालं. अडचण एकच झाली. वरचं मीठ पापडासारखं पातळ होतं, खाली चिखल. गाडी वरून घसरत गेली आणि दोर धरून पुढे चालणारा बदरुद्दीन गुडघ्यापर्यंत आत गेला. गाडीने त्याला मागून गाठलं आणि त्याच्या पाठीवर हलकेच टेकून थांबली. आपण केलेली वस्तू आपल्यापेक्षा पुढे जाऊ शकते, हे तत्त्वज्ञान पुस्तकात वाचायला बरं वाटतं. चिखलात ते वेगळं लागतं.

क्रॅडॉक साहेबाने चिखलाचे पाय बघितले, गाडी बघितली, हुंगली, दोन पावलं मागे गेला आणि म्हणाला, गाडी फाइन आहे, पण मीठ हा बर्फ नव्हे. शंभर फूट बर्फ. हेड ऑफिसला सर्टिफिकेट लागतं.

आता बर्फ अबुधाबीत एकाच ठिकाणी होता, बर्फाच्या कारखान्यात, आणि कारखान्याचा मुनशी होता खैरुद्दीन. म्हणजे घरचाच माणूस, आणि खरी पंचाईत तिथेच होती. परका असता तर हातापाया पडून काम झालं असतं. खैरुद्दीन हव्वाबीच्या चुलत नणंदेचा मुलगा, आणि बदरुद्दीनच्या लग्नात वलीम्याच्या जेवणाला त्याच्या पंगतीत मटणाची दुसरी फेरी आली नव्हती. ही गोष्ट तो विसरला नव्हता. खरं म्हणजे त्या लग्नातलं त्याला दुसरं काहीच आठवत नव्हतं.

खैरुद्दीनने नियम सांगितला. उन्हाळ्यात बर्फ चार कारणांसाठीच सुटतो: इस्पितळ, मासळी, कंपनीची मेस आणि मयत. कोकणातला माणूस इथे गेला आणि नातेवाईक दुसऱ्या गावाहून यायचे असले तर मयत राखायला लाद्या द्याव्या लागत, म्हणून ते चौथं कारण. गाडी घसरवून बघणे हे कारण नियमात नाही. नाही म्हणजे नाही. खलास. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर वलीम्याच्या दिवशीची भूक दिसत होती.

बदरुद्दीन परत आला. त्याने नियम घरी सांगितला. हव्वाबीने पोरीला सुनेच्या मांडीवर दिलं, डोईवर ओढणी घेतली आणि ती स्वतः कारखान्यात गेली. तिथे काय झालं ते बाहेर उभ्या हमालांनी ऐकलं. हव्वाबी म्हणाली, "खैऱ्या, तू जन्मलास तेव्हा रडत नव्हतास. तुला उलटा धरून थापटी मी मारली. ती मारली नसती तर आज ही लादी तुला लागली असती. दे बर्फ."

खैरुद्दीनने बर्फ दिला. पण तो नियमाचा माणूस होता. चारांपैकी एक कारण तर घालायलाच हवं. इस्पितळ म्हणावं तर डॉक्टर लागतो, मासळी म्हणावं तर मासळी, मेस म्हणावं तर साहेब. त्याने समोर बघितलं, हव्वाबी उभी होती, आणि त्याने चौथं कारण घातलं. घराचं नाव लिहिलं बदरुद्दीनचं. मग लाद्यांची गाडी यार्डाकडे रवाना केली आणि हात झटकले. तुमच्या हेड ऑफिसात असा एक तरी माणूस असेलच, जो खोटं लिहितो पण नियमात लिहितो. त्याला ओळखायची खूण म्हणजे त्याला बढती मिळालेली असते.

मयताच्या घरचा बर्फ निघाला ही बातमी बर्फाच्या आधी पोचली. बदरुद्दीनच्या घरात मरण्याजोगं वय एकट्या हव्वाबीचं. अर्ध्या तासात बाजारातली दुकानं अर्धी मिटली. बंदरातले खलाशी आले, गोदीतले हमाल आले, रत्नागिरीचे आले, श्रीवर्धनचे आले, ज्यांचा बदरुद्दीनशी सहा महिने अबोला होता ते आधी आले. घरी गेले तर शहनाझ पोरगी घेऊन बसलेली आणि पश्चिमेची भिंत नाही. भिंत बघून बायांनी हंबरडा फोडला. दुःखात माणसाने घर मोडलं असं त्यांना वाटलं. शहनाझने सांगितलं की त्या यार्डात गेल्यात. यार्डातच का, हे कुणाला कळलं नाही, पण अशा वेळी कुणी विचारत नाही. सगळे टोप्या घालून यार्डाकडे निघाले.

यार्डात वेगळाच पेच होता. बर्फ आला होता, पण लाद्या अंथरून बघितल्या तर जेमतेम पंचवीस फूट. बाकीचा खैरुद्दीनच्या नियमात बसला नव्हता. वर ऊन असं की लादी ठेवल्या ठेवल्या घामाघूम. त्यात माल नव्हता. गाडीवर ठेवायला चार मण काहीतरी हवं म्हणून बदरुद्दीन स्टोअरमध्ये गेला होता. स्टोअरकीपर कुरियन. मलबारचा. कपाळाला आठी घेऊनच जन्मलेला. त्याने हिंदीत सांगितलं की माल स्टोअरमधून निघतो तो वापरण्यासाठी. शंभर फूट नेऊन परत आणण्यासाठी माल द्यायची सोय नाही. "माल गया तो गया, भाई. वापस कैसे लेगा मैं? वापस लेने का कॉलम नहीं है."

अलीमियाँला यात अडचण दिसली नाही, उलट त्याचं मनासारखं झालं. जैतापूरला त्यांच्या घराण्यात नवी होडी पाण्यात घालताना बांधणाऱ्याची आई तीत बसवायची रीत. मालाची होडी असो, मासळीची असो, पहिला फेरा आईचा. कारण उघड आहे. जिथे आई बसणार तिथे सुतार खिळा चुकवत नाही. अलीमियाँची आई जैतापूरला होती. बदरुद्दीनची समोर उभी होती, आणि अर्धी गाडी तिच्याच भिंतीची होती.

हव्वाबीला विचारावंही लागलं नाही. तिने आपली पत्र्याची पेटी, तांदळाची गोणी आणि पाटा-वरवंटा घरून आणवला होता, कारण पर्मिट ऑफिसचा माणूस कधी उचलून नेईल याचा भरवसा नाही आणि पाट्याशिवाय ती कुठे जाणार नव्हती. ते सगळं गाडीवर चढलं. त्यावर हव्वाबी चढली. वजनाचा प्रश्न मिटला.

नेमक्या याच वेळी शेदीडशे माणसांची रांग माना खाली घालून यार्डाच्या फाटकातून आत आली, आणि बघते तर मयत पाट्यावर बसून पान लावतंय.

काही जणांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, ती आता परत मिळणार नव्हती. पुढे उभ्या असलेल्या एका खलाशाने शेवटी खाकरून विचारलं, की मयत कुणाचं?

"माझं म्हणतात," हव्वाबी म्हणाली. "आलात ना? मग उभे काय ऱ्हायलात? हात लावा."

आणि साहेबांनो, इथे जे झालं ते तुमच्या कुठल्याही यार्डात होणार नाही. जनाजा उचलायची आमची एक रीत आहे. खांदेकरी बदलत जातो, पण जनाजा थांबत नाही. मागचा पुढे येतो, पुढचा बाजूला होतो, चार पावलं प्रत्येकाची, आणि कुणी कुणाला सांगत नाही. ही माणसं तीच रीत घेऊन आली होती. खांद्याला जनाजा नव्हता, म्हणून त्यांनी लाद्यांना हात घातला. गाडी पुढे सरकली की मागची लादी उचलायची, हातोहात पुढे द्यायची, गाडीच्या पुढ्यात टाकायची. बर्फ पंचवीसच फूट होता, पण तो चालायला लागला. सवयीने कुणाच्या तरी तोंडून कलमा निघाला आणि मग सगळ्यांच्या. बदरुद्दीन दोर ओढत होता, अलीमियाँ बाजूने कण्याला शाबासकी देत चालला होता, मधोमध हव्वाबी पानाला चुना लावत होती, आणि चुना सांडला नाही. चाचणीचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

शंभर फूट झाले. क्रॅडॉक साहेबाने हात वर केला. पण लाद्या एव्हाना अशा पाझरत होत्या की गाडीने तो हात मानला नाही. ती बर्फ संपल्यावर यार्डाच्या उतारावर आली, उतार ओला झालेला, खाली धक्का, धक्क्याखाली समुद्र. बदरुद्दीनने दोर धरला आणि तोच तिच्यामागे ओढला जाऊ लागला. इथे कामाला आलं ते मुशीचं तेल की अलीमियाँचा आजा, यावर वस्तीत अजून दोन तट आहेत. गाडी धक्क्यावरून खाली गेली, पाण्यावर आपटली, आणि तरंगली. कणा होता, फासळ्या होत्या, सांध्यांत कापूस होता. ती होडीच होती. हव्वाबी पाटा-वरवंट्यासकट पाण्यावर बसून होती. तिने मागे वळून धक्क्यावरच्या दीडशे माणसांकडे बघितलं आणि सांगितलं की तांदूळ भिजले नाहीत.

तिला ओढून आणल्यावर सर्टिफिकेटाचा विषय निघाला. क्रॅडॉक साहेब खूश होता. त्याने पेन काढलं आणि विचारलं, लोड काय लिहू? ही बाई कोण?

बदरुद्दीनने मनात हिशेब केला. माणूस बसला होता असं लिहिलं तर चाचणी बाद, कारण अट मालाची होती. वर नाव लिहावं लागणार, आणि नाव लिहिलं की पर्मिट संपलेली बाई कंपनीच्या धक्क्यावर सापडली हे कंपनीनेच लिहून दिल्यासारखं. मग टेक्निकल ग्रेडही नाही आणि आईही नाही.

बोलला तो कुरियन. आठी तशीच ठेवून, रजिस्टर काखेत धरून तो पुढे आला आणि म्हणाला, "साब, लोड में सप्लाइज लिखो. पेरिशेबल."

साहेबाने हव्वाबीकडे बघितलं. पेरिशेबल म्हणजे नासणारा माल, भाजी, दूध, अंडी. त्याने कुरियनला विचारलं, खात्री आहे का?

"सब पेरिशेबल है, साब," कुरियन म्हणाला. "मैं भी. आप भी. स्टोअर में सत्रह साल से यही देख रहा हूँ."

साहेबाने तसं लिहिलं. जाताना कुरियन बदरुद्दीनला एवढंच बोलला, की माल परत घेण्याचा कॉलम नाही, तेव्हा ती आता घरीच ठेव.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण ते तुम्हीच केलंत. गाडी तुम्ही पसंत केलीत. बदरुद्दीनला टेक्निकल ग्रेड दिलीत, क्वार्टर दिलंत, आणि कळवलंत की क्वार्टरात बायको, मुलं आणि हयात आईवडील राहू शकतात, हयातीचा दाखला जोडावा. बदरुद्दीन दाखल्याच्या ऑफिसात गेला. तिथे सांगितलं की तुमच्या घरी मयताचा बर्फ गेलेला आहे. मेलेल्या बाईच्या हयातीचा दाखला देता येत नाही. तो पर्मिट ऑफिसात गेला. ते म्हणाले, मेली असेल तर आमच्याकडे तिचं काही काम नाही, आणि जिवंत असेल तर पहिल्या बोटीने मुंबईला पाठवा. तो तुमच्याकडे परत आला, तर तुमचं नवीनच निघालं होतं. बर्फाच्या मुलुखात आणखी एक चाचणी घ्यायची आहे, म्हणून गाडी पाठवावी, आणि अबुधाबीच्या चाचणीत वापरलेला पेरिशेबल माल सोबत लावून द्यावा.

म्हणजे एका ऑफिसात ती मेलेली आहे, दुसऱ्यात फरार आहे आणि तुमच्याकडे ती अंड्यांच्या रांगेत उभी आहे. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात. हव्वाबीला एकदाच मारलं आणि दीडशे माणसं रडायला आली, तरी तुमच्या हिशेबी ती धड मेली नाही की धड जगली नाही.

ती इथेच आहे. क्वार्टराच्या पायरीवर बसली आहे. मांडीवर हाफिजा झोपली आहे, म्हणून हलू नका असं तिने सगळ्यांना बजावलं आहे. मुंबईच्या लाँचने कैऱ्यांची करंडी आली आहे, मीठ लावून ठेवायची आहे. तिने बदरुद्दीनला विचारलं, "लोणचं वर्षाचं घालू की महिन्याचं?" बदरुद्दीनने ते आमच्यावर सोपवलं.

आता तो प्रश्न तुमच्याकडे आला आहे. कैऱ्या थांबत नाहीत. वर्षाचं की महिन्याचं? लेखी कळवा, सही करून, आणि जेवायला जाण्याआधी.